विद्येची संगत : खानदेश आणि आधुनिक पदार्थविज्ञान

तापीच्या खोऱ्यांत संशोधनाची परंपराच नाहीं, असें विधान अधूनमधून ऐकूं येतें, आणि तें करणारे बहुधा खानदेशांतलेच असतात. इतिहास या विधानास दुजोरा देत नाहीं. १८९३ सालीं शंकर श्रीकृष्ण देव यांनीं धुळें येथें सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढें ठिकठिकाणच्या मठांतून धूळ खात पडलेलीं बाडें गोळा करून समर्थसंप्रदायाच्या अभ्यासाचा पाया घातला. १९१६ सालीं श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यानें अमळनेरास तत्त्वज्ञानमंदिर उभें राहिलें. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं धुळ्यासच देह ठेवला, व पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या शहरांत निघालें. संतवाङ्मय, तत्त्वज्ञान आणि इतिहास या तिन्ही विषयांत खानदेशानें पैसा तर दिलाच, पण त्याहून दुर्मिळ अशी गोष्ट दिली. ती म्हणजे एका विषयाचीं वेडीं माणसें एका छपराखालीं आणलीं.

परंतु नेमक्या याच पस्तीस वर्षांत युरोपांत एक नवें शास्त्र जन्मास येत होतें. १८९५ सालीं क्ष-किरण, १८९६ सालीं किरणोत्सर्ग व १८९७ सालीं इलेक्ट्रॉन हे शोध लागले. १९०० सालीं प्लांकनें क्वांटमची कल्पना मांडली, १९०५ सालीं आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद आला आणि १९२५ सालीं अवघ्या तेवीस वर्षांच्या हायझेनबर्गनें नव्या यांत्रिकीची गुरुकिल्ली शोधून काढली. या आधुनिक पदार्थविज्ञानाचा एकहि अड्डा त्या काळीं खानदेशांत बसला नाहीं. आणि नवल असें कीं, त्याच खानदेशांत, तेव्हांच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यांतील शिरपूर गांवीं, ५ जुलै १९४९ रोजीं ज्या मुलाचा जन्म झाला, तो पुढें गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतांत जगांतल्या अग्रगण्य संशोधकांत गणला गेला. त्याचें नांव अभय अष्टेकर. जेथें बीज निपजलें तेथें रोपवाटिका कां नव्हती, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो केवळ भूतकाळाचा नाहीं. जळगांव-धुळ्याच्या महाविद्यालयांत आज जीं मुलें-मुली पदार्थविज्ञानाच्या वर्गांत बसतात, त्यांच्या आयुष्याशीं तो निगडित आहे.

या प्रश्नाचें तयार उत्तर 'पैसा' असें आहे. प्रयोगशाळा महाग, यंत्रें परदेशी, आपण गरीब. मग संशोधन कोठून होणार? प्रयोगाच्या बाबतींत हें उत्तर कांहीं अंशीं खरें आहे. पण अष्टेकरांचा विषय सैद्धांतिक आहे. त्याला कागद, पेन्सिल, फळा आणि खडू याहून फारसें कांहीं लागत नाहीं. सर्व शास्त्रांत स्वस्त असें हें शास्त्र. तेंहि जर एखाद्या प्रांतांत रुजलें नाहीं, तर उणीव पैशाची नसून दुसऱ्याच कशाची तरी असली पाहिजे.

ती उणीव ओळखण्यास प्रथम एक लोकप्रिय समजूत दूर सारावी लागेल. थोर शास्त्रज्ञ हा एकांतवासी ऋषि असतो, ही ती समजूत. दाखला म्हणून बर्नच्या पेटंट कचेरींत एकटाच बसलेला आइन्स्टाइन दाखविला जातो. परंतु तो एकटा नव्हता. १९०२ सालापासून हाबिख्त व सोलोव्हीन या दोन मित्रांसह तो संध्याकाळीं जमत असे. साधें जेवण आणि त्यावर तत्त्वज्ञानाच्या व शास्त्राच्या पुस्तकांचें वाचन चाले. या तिघांनीं थट्टेनें आपल्या मेळाव्याला 'ऑलिंपिया अकादमी' असें भारदस्त नांव दिलें होतें. पुढें कचेरींतला सहकारी मिशेल बेसो हा त्याच्या विचारांचा नित्याचा श्रोता झाला, आणि १९०५ सालच्या सापेक्षतेवरील निबंधाच्या शेवटीं आइन्स्टाइननें ज्याचे आभार मानले तो मनुष्य हाच. ज्याला आपण एकांत म्हणतों त्यांतहि ऐकणारा एक कान होता.

पहिल्या महायुद्धानंतर या संगतीला संस्थेचें रूप आलें. १९२१ सालीं कोपनहेगन येथें नील्स बोर यांची संस्था उघडली. आरंभीं बोर यांचें बिऱ्हाड त्याच इमारतींत होतें. देशोदेशींचे विशीं-पंचविशींतले तरुण तेथें येत, गुरूशीं वाद घालीत, टेबल-टेनिस खेळत. १९३२ सालीं त्यांनीं गटेच्या 'फाउस्ट'चें विडंबन करून आपल्याच वडीलधाऱ्यांची रंगमंचावर यथेच्छ टिंगल केली. केंब्रिज येथें कापित्सा या रशियन तरुणानें १९२२ सालीं एक मंडळ सुरू केलें. मंगळवारीं रात्रीं जेवणानंतर ते जमत आणि वक्त्याला मधेंच अडविण्याची सर्वांना मुभा असे. न्यूट्रॉनच्या शोधाची वार्ता चॅडविकनें १९३२ सालीं सांगितली ती याच मंडळांत. अधिकाराच्या पायऱ्या विसरून विद्यार्थी गुरूला 'हें चुकलें' असें म्हणूं शकतो, ही या सर्व ठिकाणांची समान खूण होती. आमच्याकडील गायकीच्या घराण्यांत शिष्य गुरूच्या मागें तंबोरा धरून बसतो आणि ऐकतां ऐकतां शिकतो. तेथें आणि येथें फरक इतकाच कीं, या घराण्यांत तंबोरा धरणाऱ्यानेंहि मधेंच बोलावें, अशी अपेक्षा असे.

अशी संगत जमण्यास वर्षें लागतात आणि मोडण्यास महिनेहि पुरतात. गटिंगेन हें नव्या यांत्रिकीचें माहेरघर. पण १९३३ सालीं नाझी राजवटीनें ज्यू प्राध्यापकांना पदच्युत करतांच बोर्न, फ्रांक आदि मंडळी देशोधडीस लागली व तें घर ओस पडलें. त्यांतले मॅक्स बोर्न १९३५-३६ च्या हिंवाळ्यांत बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत आले होते. संचालक रामन यांनीं त्यांना कायमचें ठेवून घेण्याचा आग्रह धरला, परंतु अध्यापकांच्या सभेंत एका इंग्रज प्राध्यापकानें त्यांचा पाणउतारा केला आणि बेत फसला. बोर्न एडिंबरोस गेले. नव्या यांत्रिकीचा एक जनक हिंदुस्थानांत स्थायिक होतां होतां राहिला, आणि तो पैशाअभावीं परत गेला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आपल्या देशांतला या बाबतींतला सर्वांत बोधप्रद इतिहास कलकत्त्याचा आहे. डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनीं १८७६ सालीं बोबझार रस्त्यावर विज्ञानसंशोधनासाठीं एक संस्था स्थापिली. इमारत झाली, उपकरणें आलीं, व्याख्यानें होऊं लागलीं. पण त्यांत बसून संशोधन करणारा मिळेना. ती खंत मनांत घेऊनच सरकार १९०४ सालीं वारले. तीन वर्षांनीं हिशेबखात्यांत नोकरीस आलेला एक अठरा वर्षांचा मद्रासी तरुण त्या दारांतून आंत शिरला. कचेरीच्या आधीं सकाळीं आणि कचेरी सुटल्यावर रात्रीं तो तेथें काम करी. रामन यांच्या भोवतीं हळूहळू दूरदूरचे विद्यार्थी जमले. २८ फेब्रुवारी १९२८ चा तो सुप्रसिद्ध शोध के. एस. कृष्णन यांच्यासारख्या शिष्यांच्या अहोरात्र श्रमांतून फळास आला. तीस वर्षें इमारत तीच होती, तिच्यांत माणसें मात्र नव्हतीं. आजच्या संस्थाचालकांनीं हा दाखला जवळ बाळगावा.

मराठी माणसाच्या हातून असें घराणें निर्माण झालें तें महाराष्ट्राबाहेर, काशीस. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजला एडिंग्टनच्या सहवासांत सापेक्षतावाद शिकले आणि पंडित मालवीय यांच्या बोलावण्यावरून १९३२ सालीं बनारस हिंदु विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक झाले. ज्या काळीं हा विषय समजणारीं माणसें देशांत बोटांवर मोजण्याइतकीं होतीं, त्या काळीं त्यांनीं त्याचें विद्यार्थिमंडळच उभें केलें. त्यांचे शिष्य कर्मरकर यांनीं १९४८ सालीं मांडलेली एक गणिती अट आजहि त्यांच्याच नांवानें निबंधांतून उद्धृत होते. १९४२ सालीं प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण पत्नी व तान्ह्या मुलीसह काशीस येऊन राहिले. गांठीची शिल्लक जेमतेम दहा महिन्यांची. चलेजाव चळवळीनें विद्यापीठ हादरत होतें, तरी त्या दहा महिन्यांत गुरूनें सुचविलेल्या प्रश्नावर त्यांनीं असें उत्तर काढलें कीं, आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रकाश फेंकणाऱ्या ताऱ्याचें गुरुत्वाकर्षण कसें असेल याचें चित्र मिळालें. १९४३ सालीं प्रसिद्ध झालेलें तें उत्तर आज जगभर वैद्यांच्या नांवानें ओळखलें जातें.

त्याच काशींतल्या घरांत पुढल्या पिढीचें शिक्षण चाललें होतें. नारळीकरांचे मेहुणे मोरेश्वर हुजूरबाजार एम्. एस्सी. साठीं येऊन राहिले होते. घरांत लावलेल्या फळ्यावर ते भाच्यासाठीं गणिताचें एखादें कोडें लिहून ठेवीत आणि तें सुटेपर्यंत पुसलें जात नसे. त्या भाच्यानें, म्हणजे जयंत नारळीकरांनीं, पुढें केंब्रिज गाजविलें, फ्रेड हॉइल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि १९८८ सालीं पुण्यास 'आयुका' ही संस्था स्थापन केली. तिच्या घटनेंतच त्यांनीं काशीचा धडा उतरविला. प्रांतोप्रांतींच्या विद्यापीठांतले व महाविद्यालयांतले शिक्षक तेथें वेळोवेळीं येऊन राहतात, चर्चा करितात व आपापल्या गांवीं परततात. मे २०२५ मध्यें नारळीकर निवर्तले. संस्थेची ती रीत मात्र त्यांच्या मागें चालू राहिली.

याच्या उलट बाजूचें चित्र खानदेशाच्या शेजारीं, नाशिकजवळ देवळालीस दिसतें. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे तेथें १९३० पासून १९६२ पर्यंत शाळामास्तर होते. त्यांचा विषय अंकगणित. पण प्रश्न तोच आहे. ६१७४ या संख्येचा चमत्कार त्यांनीं १९४९ सालीं जाहीर केला, आणि जगाचें लक्ष त्याकडे वेधलें तें १९७५ सालीं, मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकन मासिकांत त्यांच्यावर लिहिल्यावर. बुद्धि होती, निष्ठा तर विलक्षण होती. नव्हतें तें बरोबरीनें बसणारें कोणी. म्हणून त्यांच्या शोधांचें कौतुक झालें, पण घराणें झालें नाहीं.

आतां पुन्हां खानदेशाकडे वळूं. येथील लोकांना सहवासाचें मोल ठाऊक नव्हतें असें म्हणण्यास जागा नाहीं. अमळनेरच्या तत्त्वज्ञानमंदिरांत निवडक पदवीधरांना विद्यावेतन देऊन ठेवीत. राहणें, वाचणें आणि वाद घालणें एकाच आवारांत चाले. जी. आर्. मलकानी यांनीं तेथून चालविलेलें 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हें त्रैमासिक देशांतले तत्त्वज्ञ वाचीत, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा थोर विचारवंत १९३३ ते १९३५ या काळांत बंगाल सोडून अमळनेरास संचालक म्हणून राहिला. या मंदिरांत कांहीं काळ शिकलेले साने गुरुजी १९२४ सालीं त्याच गांवच्या हायस्कुलांत शिक्षक झाले. त्यांनीं वसतिगृहांतल्या मुलांसाठीं हातानें लिहून दैनिक काढलें, व १९२८ सालीं 'विद्यार्थी' मासिक सुरू केलें. ज्या गांवांत ब्रह्म आणि माया यांवर इंग्रजींत निबंध लिहिले जात आणि मुलांच्या खोल्यांतून रोज ताजें हस्तलिखित फिरे, त्या गांवीं अणूची चर्चा रुजणें अशक्य नव्हतें. तो विषय घेऊन येणारा मनुष्य मात्र आला नाहीं.

त्याचें कारण शिक्षणाच्या घडणींत आहे. खानदेशांत स्वतःचीं महाविद्यालयें निघालीं तीं दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. जळगांवचें मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचें प्रताप महाविद्यालय हीं त्या काळचीं. तोंपर्यंत मॅट्रिक झालेल्या मुलास नाशिक, पुणें किंवा मुंबई गांठावी लागे. महाविद्यालयें आलीं तीं प्रथम मुंबई विद्यापीठाच्या व मग १९४९ सालीं निघालेल्या पुणें विद्यापीठाच्या परीक्षांसाठीं मुलें तयार करण्याचें काम घेऊन आलीं. शिकविणें हें त्यांचें कर्तव्य, संशोधन हें दूरच्या राजधानीचें. गिरणेच्या कांठीं जळगांवास स्वतंत्र विद्यापीठ मिळालें तें १५ ऑगस्ट १९९० रोजीं. म्हणजे राजवाडे मंडळानंतर त्रेसष्ट वर्षांनीं पदार्थविज्ञानाच्या उच्च संशोधनास या प्रांतांत हक्काचें घर लाभलें. मधल्या काळांत किती तल्लख मुलें पदवी घेऊन कचेऱ्यांत, बँकांत व परगांवीं विरून गेलीं असतील, याचा हिशेब कोणीं ठेविलेला नाहीं.

अष्टेकर त्यांतून निसटले, कारण संगत जेथें होती तेथें ते गेले. महाराष्ट्रांतल्या निरनिराळ्या गांवीं वाढून व मुंबईच्या विद्यापीठाची पदवी घेऊन ते टेक्सासला गेले, तेथून शिकागोस. तेथें रॉबर्ट गेरोक यांच्या हाताखालीं १९७४ सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. या गुरुपरंपरेचा माग काढला तर गंमत दिसते. गेरोक हे प्रिन्स्टनच्या जॉन व्हीलर यांचे शिष्य. व्हीलर तरुणपणीं कोपनहेगनला बोर यांच्याजवळ राहून आलेले. १९२१ सालीं तेथें जी बैठक बसली तिचा धागा तीन पिढ्यांनीं शिरपूरच्या मुलापर्यंत येऊन पोंचला. पुढें ते ऑक्सफर्डला पेनरोझ यांच्या सहवासांत राहिले व १९८० सालीं सिराक्यूज विद्यापीठांत आले. तेथें सापेक्षतावादाचें पीठ स्थापणारे पीटर बर्गमान हे स्वतः आइन्स्टाइनचे सहायक होते.

सिराक्यूजला असतांनाच १९८६ सालीं अष्टेकरांनीं आपला मुख्य शोध जाहीर केला. आइन्स्टाइनच्या मतें गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश आणि काल यांची वक्रता. क्वांटमचा सिद्धांत सांगतो कीं निसर्गांतील ऊर्जादि राशि सलग नसून कणाकणांनीं बदलतात. हे दोन्ही सिद्धांत आपापल्या क्षेत्रांत बिनतोड. पण दोघांना एकत्र नांदविण्याचे प्रयत्न पन्नास वर्षें समीकरणांच्या जंजाळांत अडकून पडले होते. अष्टेकरांनीं समीकरणें लिहिण्याचीं मूळ पदेंच बदललीं. त्यायोगें त्यांचें रूप विद्युच्चुंबकीय समीकरणांसारखें ओळखीचें व पुष्कळ सोपें झालें. कोंदट खोलीची खिडकी उघडावी तसें हें झालें. वस्तु त्याच, पण आतां दिसूं लागल्या.

पुढें जें घडलें तें आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें. हीं नवीं पदें घेऊन जेकबसन आणि स्मोलिन या तरुणांनीं १९८८ सालीं समीकरणांचीं अशीं उत्तरें काढलीं कीं त्यांत अवकाशाचे वेढे, फांस दिसूं लागले. इटलीहून आलेल्या कार्लो रोव्हेली यानें स्मोलिनच्या साह्यानें त्या फांसांचा पुरा सिद्धांत उभारला. त्यांतून निघालें कीं अवकाश हा सलग नसून कापडासारखा विणलेला असावा. दुरून अखंड, जवळून सूत न् सूत वेगळें. तें सूत इतकें बारीक कीं, मीटरमध्यें लिहूं गेल्यास दशांशचिन्हापुढें चौतीस शून्यें द्यावीं लागतात, मग पहिला अंक येतो. १९९३ सालीं अष्टेकर पेनसिल्व्हेनियांत गेले व तेथें त्यांनीं गुरुत्वाकर्षणाचें संशोधनकेंद्र स्थापिलें. तेथेंच २००६ सालीं पाव्हलोव्स्की व परमप्रीत सिंग या तरुण सहकाऱ्यांसह त्यांनीं दाखविलें कीं, या गणितानुसार विश्वाच्या आरंभीं अनंत घनतेचा महास्फोट नसून आधींच्या आकुंचनानंतरची एक उसळी असावी. २०१८ सालीं अमेरिकन पदार्थविज्ञान परिषदेनें त्यांना आइन्स्टाइन पारितोषिक दिलें. या सिद्धांताला प्रयोगाचा पुरावा अद्याप मिळालेला नाहीं आणि त्याचे प्रतिस्पर्धीहि बलवान् आहेत. तरी त्याचा इतिहास एक गोष्ट निर्विवाद सांगतो. एकाच्या डोक्यांतली कल्पना दुसऱ्याच्या फळ्यावर गेली, तिसऱ्यानें ती उलटी फिरविली, आणि चौथ्या विद्यार्थ्यानें तिची चूक काढली, तेव्हां तिचें शास्त्र झालें.

संगतीचें एवढें माहात्म्य गाइल्यावर तिचें दार कोणाला बंद असतें, हेंहि पाहिलें पाहिजे. १९३३ सालीं मुंबईची पदवी पहिल्या क्रमांकानें मिळवून कमला भागवत बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेश मागावयास गेल्या. केवळ स्त्री म्हणून रामन यांनीं तो नाकारला. त्या तेथून हलल्या नाहींत. अखेर एका वर्षाच्या कसोटीवर त्यांना घेण्यांत आलें, आणि त्यांचें काम पाहून रामन यांनीं पुढें मुलींना दार उघडलें. ज्या बोबझारच्या बैठकीची थोरवी वर सांगितली तिच्याच धन्यानें हें केलें होतें. मुलांचा मेळा रात्रीं आठपर्यंत प्रयोगशाळेंत बसतो आणि मुलीला शेवटची बस गांठावी लागते. शहरांतला विद्यार्थी इंग्रजींत प्रश्न विचारतो आणि साक्री-नंदुरबारकडचा अहिराणी किंवा भिली बोलणारा मुलगा ओठांवर आलेला प्रश्न गिळतो. संगत अशीहि मोडते. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ सालीं निघालें तें विज्ञान मराठींतून बोलतां येतें या विश्वासावर. तो विश्वास महाविद्यालयाच्या चर्चेंतहि असावयास हवा. निबंध इंग्रजींत लिहावा लागतो, हें खरें. शंका मात्र ज्या भाषेंत सुचली त्याच भाषेंत विचारण्याची सोय असली पाहिजे.

आज या प्रश्नाला निकड आली आहे, कारण पूर्वीच्या सबबी एकेक करून संपल्या आहेत. पुस्तकें-नियतकालिकें मिळत नाहींत ही तक्रार आतां लंगडी आहे. १९९१ पासून पदार्थविज्ञानाचे नवे निबंध 'अर्काइव्ह'वर कोणासहि विनामूल्य वाचतां येतात. यंत्रें नाहींत ही तक्रारहि सर्वस्वीं टिकत नाहीं. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंत गुरुत्वलहरी प्रथम पकडल्या गेल्या. त्या गोंगाटांतून ओळखण्याच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुकांतील संजीव धुरंधर व त्यांचे तेव्हांचे तरुण सहकारी सत्यप्रकाश यांचा १९९१ सालचा निबंध आहे. त्या लहरींच्या नोंदी आज सर्वांना खुल्या आहेत; शिरपूरच्या विद्यार्थ्याला साध्या संगणकावर त्या उघडून तपासतां येतात. हिंगोली जिल्ह्यांत औंढ्याजवळ अशीच एक प्रचंड वेधशाळा उभारण्यास भारत सरकारनें २०२३ सालीं अंतिम मंजुरी दिली आहे. ती चालविण्यास माणसें लागतील, आणि तीं मराठवाडा-खानदेशच्या वर्गांतून कां येऊं नयेत?

येतील, पण वर्गाची रीत बदलली तर. पंचवीस-तीस वर्षें हा विषय शिकविणाऱ्या कोणाहि प्राध्यापकाला ठाऊक आहे कीं, प्रयोगवहींतले आंकडे पुष्कळदां प्रयोगांतून येत नाहींत, गेल्या वर्षीच्या वहींतून येतात. मुलें आळशी आहेत म्हणून असें होत नाहीं. 'हा आंकडा असा कां आला' असें त्यांना कोणी विचारीत नाहीं म्हणून होतें. याला उपाय म्हणून नव्या इमारतीची योजना करण्याची गरज नाहीं. आठवड्यांतून एक संध्याकाळ, एक फळा, आणि शिक्षकाला अडविण्याची विद्यार्थ्याला मुभा. एवढ्यावर केंब्रिजचें मंडळ चाललें. जळगांव, धुळें, अमळनेर, शिरपूर येथील अध्यापकांनीं महिन्यांतून एकदां आळीपाळीनें एकमेकांकडे जमावें. एका निबंधावर चारचौघांनीं दोन महिने घालवावे. काशीहून परतलेल्या वैद्यांनीं आयुष्य गुजरातेंत शिकविण्यांत घालविलें, व १९६३ सालीं गुजरात गणित मंडळ काढून गांवोगांवच्या शिक्षकांना एकत्र गुंफलें. तें गुजरात आपल्या तापीच्याच दुसऱ्या टोंकाला आहे. तेथें जें साधलें तें येथें असाध्य मानण्याचें कारण दिसत नाहीं.

यांतून प्रत्येक गांवीं अष्टेकर निपजतील, असें कोणी समजूं नये. प्रतिभा कोणाच्या सांगण्यानें जन्मास येत नाहीं. ती जन्मास आली तर ओळखणारा कोणी जवळ असावा, एवढेंच संस्थेच्या हातीं असतें. जळगांवच्या विद्यापीठाला २०१८ सालीं असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचें नांव देण्यांत आलें. लिहितां-वाचतां न येणाऱ्या त्या शेतकरी बाईचीं गाणीं जात्यावर आणि शेतांत विरून गेलीं असतीं. मुलगा सोपानदेव यांनीं ऐकलीं, उतरून ठेविलीं, व तिच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं तीं महाराष्ट्राच्या हातीं आलीं. घरांत ऐकणारा होता म्हणून तें धन वांचलें. विद्यापीठानें तिचें नांव धारण केलें आहे. आतां त्या घरांतली ऐकण्याची रीतहि आपल्या वर्गांत व प्रयोगशाळांत आणावी, म्हणजे तापीकांठच्या पुढच्या मुलाला किंवा मुलीला आपला प्रश्न विचारण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे जावें लागणार नाहीं.